जिल्हा परिषदेची शाळा, गावाच्या सोयी आणि निधीचा पाठपुरावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा सरकारची आहे, तर तिच्यासाठी निधी मागण्याचे काम पालकांनी का करायचे?

कारण कायद्यानेच त्या कामात पालकांना जागा दिली आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. कलम २२ नुसार या समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा असतो, आणि शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने शाळेसाठी करावयाच्या योजनांचा व द्यावयाच्या अनुदानाचा आधार हाच आराखडा असेल, असे त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे पालक निधी मागतात तेव्हा ते कोणाकडे पदर पसरत नाहीत, कायद्याने नेमून दिलेले काम करतात. हा आराखडा ज्या गावात लिहिलाच जात नाही, तिथे वरच्या कार्यालयात त्या शाळेच्या नावापुढे मागणीचा रकाना रिकामा राहतो आणि निधी दुसरीकडे वळतो. निधी कमी आहे ही तक्रार खरीच आहे. पण तो कमी निधीही आपल्या शाळेपर्यंत का पोहोचत नाही, याचे उत्तर पुष्कळदा या रिकाम्या रकान्यात सापडते.

या हक्कामागे मोठा इतिहास आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात सरकारचा महसूल मुख्यतः कष्टकरी रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे ठामपणे मांडले व प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते संमत झाले नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. देशपातळीवर मात्र हा मूलभूत हक्क व्हायला २००२ सालची ८६वी घटनादुरुस्ती आणि तिच्यातून आलेला अनुच्छेद २१-क यांची वाट पाहावी लागली. इतक्या पिढ्यांनी झगडून मिळवलेला हक्क केवळ अर्ज केला नाही म्हणून वाया जावा, हे कोणत्याही गावाने सहन करू नये.

शाळेत किमान कोणत्या सोयी असल्याच पाहिजेत?

याच अधिनियमाच्या अनुसूचीत ही यादी दिली आहे : प्रत्येक शिक्षकासाठी किमान एक वर्गखोली, कार्यालय-भांडार-मुख्याध्यापक कक्ष, अडथळाविरहित प्रवेश (म्हणजे व्हीलचेअर जाईल असा उतार), मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, सुरक्षित आणि पुरेसे पिण्याचे पाणी, शाळेत आहार शिजत असल्यास स्वयंपाकघर, खेळाचे मैदान, आणि संरक्षक भिंत किंवा कुंपण. यांखेरीज वर्तमानपत्रे, मासिके व पुस्तके असलेले ग्रंथालय, शैक्षणिक साहित्य आणि खेळाचे साहित्य हेही त्यात येते. इमारतीसंबंधीचे निकष पूर्ण करण्यासाठी कायद्याने तीन वर्षांची मुदत दिली होती, ती ३१ मार्च २०१३ रोजी संपली. त्यामुळे आजच्या अर्जात 'सोय करून देण्याची कृपा करावी' असे लिहिण्याची गरज नाही. 'अनुसूचीतील अमुक निकष आमच्या शाळेत अद्याप पूर्ण झालेला नाही' असे लिहावे.

इमारतीच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर आणखी एक आधार आहे. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे २००४ साली शाळेला लागलेल्या आगीनंतर दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. तसेच सर्व शाळांत पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृहे उपलब्ध करून देण्याचे आदेश याच न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये राज्यांना दिले होते.

शाळेला पैसा नेमका कुठून येतो?

एकाच ठिकाणाहून येत नाही, आणि गावकऱ्यांचे बरेचसे हेलपाटे यामुळेच होतात. ज्या कामासाठी ज्या दारात जायला हवे तिथे न जाता लोक दुसऱ्याच दारात उभे राहतात आणि 'हे आमच्याकडे येत नाही' हे उत्तर ऐकून परततात.

शिक्षकांचे वेतन राज्य शासन देते. वर्गखोल्या, मोठी दुरुस्ती, पाठ्यपुस्तके, गणवेश, ग्रंथालय आणि क्रीडा साहित्य यांचा बराच भाग समग्र शिक्षा योजनेतून येतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के आहे. जिल्हा परिषदेकडे स्वतःच्या उत्पन्नाचा, म्हणजे बोलीभाषेत सेसचा, निधी असतो. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी जिल्हा नियोजन समितीमार्फत येतो, पालकमंत्री या समितीचे अध्यक्ष असतात, आणि नव्या खोल्या व दुरुस्तीसाठी हे दार फार महत्त्वाचे आहे. आमदार व खासदार आपल्या स्थानिक विकास निधीतून काम सुचवू शकतात, मात्र त्याला प्रशासकीय मान्यता जिल्हा पातळीवर मिळते. त्यामुळे लोकप्रतिनिधीचे पत्र मिळाले म्हणजे काम मंजूर झाले असे समजू नये.

राहिली ग्रामपंचायत. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या कालावधीतील अनुदानापैकी ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे पाणी व स्वच्छतेसाठी राखीव होती आणि ४० टक्के अबंधित होती. महाराष्ट्रात या अनुदानाचा ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतींना मिळत आला. शाळेतील नळ, पाण्याची टाकी, हात धुण्याची जागा, स्वच्छतागृहाची दुरुस्ती ही कामे पाणी-स्वच्छतेच्या भागात बसतात, हे अनेक ग्रामपंचायतींच्या लक्षातच आले नाही. १ एप्रिल २०२६ पासून १६व्या वित्त आयोगाचा कालावधी सुरू होतो, तेव्हा चालू वर्षाची विभागणी ग्रामसेवकांकडून (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) लेखी विचारून घ्यावी. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. शाळेतला उतार किंवा मुलींच्या स्वच्छतागृहातली सोय यासाठी मागणी करताना हे लक्षात ठेवावे.

मोठ्या कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी हाही एक मार्ग आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते आणि शिक्षण हा त्यातला मान्य विषय आहे. तरीही हा मार्ग शेवटी ठेवावा, असे माझे मत आहे. कंपनीचा प्राधान्यक्रम पुढल्या वर्षी बदलू शकतो, कायद्याने आलेली जबाबदारी बदलत नाही.

शाळेच्या खात्यात दरवर्षी किती अनुदान येते आणि ते खर्च कोण करते?

समग्र शिक्षेतील संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरते. योजनेच्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असल्यास १०,००० रुपये, ३१ ते १०० साठी २५,०००, १०१ ते २५० साठी ५०,०००, २५१ ते १,००० साठी ७५,००० आणि त्याहून अधिक पटासाठी १ लाख रुपये अशी मर्यादा आहे, व त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात रक्कम टप्प्याटप्प्याने आणि पुष्कळदा आर्थिक वर्षाच्या अखेरीस येते. अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवणे हे शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २१ नुसार समितीचे काम आहे. म्हणून किती रक्कम आली, कधी आली आणि कशावर खर्च झाली, ही तीन वाक्ये समितीच्या इतिवृत्तात दर वेळी आलीच पाहिजेत, आणि खर्चाचा तक्ता शाळेच्या फलकावर लावावा. यात मुख्याध्यापकांवर अविश्वास दाखवण्याचा भाग नाही. उलट खडू, दुरुस्ती, इंटरनेट आणि वीजबिल या सगळ्याला २५,००० रुपये वर्षभर कसे पुरवायचे, ही त्यांची ओढाताण पालकांना त्यातूनच कळते.

आमची शाळा व्यवस्थापन समिती कागदावरच आहे. काय करावे?

प्रथम समितीची रचना तपासावी. निम्म्या सदस्य महिला असाव्यात, वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर जागा असाव्यात, अध्यक्ष पालकांमधून निवडलेले असावेत आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. महाराष्ट्रात समितीची दर दोन वर्षांनी पुनर्रचना होते आणि बैठक दरमहा अपेक्षित आहे. पालकसभा न घेता नावे भरली असतील, किंवा सह्यांचे पुस्तक घरोघर फिरवून बैठक 'झाली' असेल, तर केंद्रप्रमुखांकडे (परिसरातील काही शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी) लेखी हरकत नोंदवावी आणि पालकसभा बोलावण्याची मागणी करावी.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. समितीत आया असतात, पण बैठक दुपारी अकरा-बाराला ठेवली की शेतावर आणि मजुरीवर जाणाऱ्या आईला त्या दिवसाचा रोजगार बुडवावा लागतो, आणि मग 'महिला येत नाहीत' असा शेरा पडतो. बैठक संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी ठेवली, विषयपत्रिका आधी वाचून दाखवली आणि सही घेण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचला, तर याच आया स्वच्छतागृहाच्या कडीपासून तांदळाच्या पोत्यापर्यंत ज्या बारकाव्याने बोलतात, तो बारकावा कोणत्याही तपासणी अहवालात सापडत नाही.

शाळा विकास आराखडा कसा लिहावा?

केंद्राच्या नमुना नियमांत हा आराखडा तीन वर्षांचा आणि त्यात तीन वार्षिक उपआराखडे असे स्वरूप सांगितले आहे. इयत्तावार अपेक्षित पट, लागणारे अतिरिक्त शिक्षक, लागणाऱ्या भौतिक सुविधा व साहित्य आणि या सगळ्यासाठी लागणारा अतिरिक्त निधी हे त्यात यावे लागते. आराखड्यावर अध्यक्षांची सही घेऊन तो आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी स्थानिक प्राधिकरणाकडे द्यायचा असतो.

आराखड्याचे बळ त्यातल्या नेमकेपणात असते. 'शाळेत पाण्याची गैरसोय आहे, तरी सोय व्हावी' या वाक्यावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही, कारण त्यात काम कोणते, किती आणि कुठे हे काहीच नाही. हीच गोष्ट अशी लिहून पाहावी : 'शाळेत ८४ विद्यार्थी असून ग्रामपंचायतीच्या नळाला एक दिवसाआड सकाळी सहा ते सात या वेळेत पाणी येते, त्या वेळी शाळा बंद असते. साठवणुकीची टाकी ५०० लिटरची असून तिला तळाशी तडा गेला आहे. २,००० लिटरची टाकी, शाळेच्या बाजूच्या मुख्य वाहिनीपासून सुमारे ४० मीटर जोडवाहिनी आणि सहा तोट्यांचा हात धुण्याचा कट्टा आवश्यक आहे.' आकडे अर्थातच प्रत्येक शाळेचे वेगळे असतील. परंतु असा मजकूर हाती आला की अभियंत्याला अंदाजपत्रक करता येते, आणि अंदाजपत्रक झाल्याशिवाय मान्यतेचा प्रवास सुरूच होत नाही. सोबत तारीख दिसणारी छायाचित्रे जोडावीत. छत गळत असेल तर पावसाळ्यातच छायाचित्र घ्यावे, कारण उन्हाळ्यात पाहणीला आलेल्या माणसाला कोरडी भिंतच दिसते.

यूडायस प्लसच्या माहितीला इतके महत्त्व का आहे?

कारण योजनेतला निधी देताना वरच्या कार्यालयासमोर शाळा नसते, तिची यूडायसमधली, म्हणजे शाळांच्या माहितीच्या शासकीय ऑनलाइन प्रणालीतली, नोंद असते. प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक असतो आणि दरवर्षी खोल्या, स्वच्छतागृहे, पाणी, वीज, पट आणि शिक्षक यांची माहिती ऑनलाइन भरली जाते. स्वच्छतागृह बांधलेले आहे पण चार वर्षे कुलूपबंद आहे, अशा शाळेची नोंद जर 'आहे आणि वापरात आहे' अशी गेली, तर त्या शाळेला दुरुस्तीचा निधी मिळण्याची वाट तिथेच बंद होते. म्हणून माहिती भरण्यापूर्वी समितीने तिची प्रत वाचावी आणि प्रत्यक्ष शाळेत फिरून ताडून पाहावी. शाळेचा अहवाल संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो.

ग्रामसभेत शाळेचा विषय कसा आणावा?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार एका आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर असावे लागतात. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेणेही बंधनकारक आहे, आणि शाळेचा विषय तिथूनच पुढे आणावा, असा माझा आग्रह राहील, कारण तिथे झालेला ठराव ग्रामसभेत डावलणे अवघड जाते.

विषय ऐनवेळी उठून मांडल्यास बहुधा 'पुढील सभेत पाहू' असे म्हणून तो मागे टाकला जातो. त्याऐवजी सभेची सूचना निघण्यापूर्वीच समितीचा ठराव जोडून लेखी अर्ज द्यावा, आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि विषयपत्रिकेत विषय आला की नाही ते पाहावे. ठरावाचा मजकूरही तयार ठेवावा, उदाहरणार्थ : 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहाची दुरुस्ती व पाणीजोडणी हे काम सन अमुकच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात बंधित निधीतून समाविष्ट करण्यात यावे, असे सर्वानुमते ठरले. सूचक व अनुमोदक यांची नावे.' राज्यघटनेच्या ११व्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येणारे २९ विषय आहेत आणि प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण हा त्यांतला एक आहे. त्यामुळे 'शाळा हा ग्रामपंचायतीचा विषय नाही' हे उत्तर मान्य करू नये. सभेनंतर इतिवृत्ताची प्रत मागून ठराव जसाच्या तसा नोंदवला आहे का, हे पाहावे. आराखड्यात आलेले काम ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर दिसते.

वर्षाच्या कोणत्या काळात काय करावे?

चुकीच्या महिन्यात केलेली योग्य मागणीही वर्षभर भिजत पडते. पावसाळ्यात पडझडीचे पुरावे गोळा करावेत. सप्टेंबरअखेर पट आणि यूडायसची माहिती तपासावी, कारण शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता सामान्यतः ३० सप्टेंबरच्या पटावर होते. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढे डिसेंबर-जानेवारीपर्यंत ग्रामपंचायत विकास आराखड्याचा काळ असतो, शाळेचे काम तेव्हाच त्यात जावे. याच सुमारास जिल्हा वार्षिक योजनेचा आणि समग्र शिक्षेचा पुढील वर्षाचा आराखडा आकार घेतो, म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे शाळा विकास आराखड्याची प्रत डिसेंबरपूर्वी पोहोचवावी. मार्चमध्ये नवी मागणी करून उपयोग नसतो, तेव्हा फक्त मंजूर रक्कम परत जाणार नाही याकडे लक्ष द्यावे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नव्या कामांना मान्यता मिळत नाही, हेही हिशेबात धरावे.

वर्गखोली धोकादायक आहे, पण ती पाडताही येत नाही आणि नवी मिळतही नाही. हा पेच कसा सोडवावा?

हा सर्वांत चिंतेचा प्रश्न आहे, कारण इथे मुलांच्या जिवाशी गाठ आहे. जुनी शासकीय इमारत पाडण्यासाठी निर्लेखनाची, म्हणजे ती निरुपयोगी ठरवून शासकीय नोंदीतून कमी करण्याची, प्रक्रिया पूर्ण व्हावी लागते. समितीचा व ग्रामपंचायतीचा ठराव, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, बांधकाम विभागाच्या अभियंत्याची पाहणी व अहवाल, आणि मग जिल्हा परिषदेच्या सक्षम अधिकाऱ्याची मान्यता असा तो प्रवास आहे. प्रस्ताव बहुतेक वेळा पाहणीच्या टप्प्यावर अडतो. म्हणून 'खोली मिळावी' असा एकच अर्ज करण्याऐवजी तीन मागण्या वेगळ्या कराव्यात : खोली वापरण्यास अयोग्य असल्याचे लेखी पत्र तातडीने मिळावे, निर्लेखनाचा प्रस्ताव ठरावीक मुदतीत निकाली निघावा, आणि तोवर मुलांना बसण्यासाठी समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीची खोली अशी पर्यायी जागा मिळावी. निर्लेखन झाल्याखेरीज त्याच जागेवर नव्या खोलीचा प्रस्ताव पुढे सरकत नाही. पाहणी होईपर्यंत मुलांना त्या खोलीत बसवू नये, आणि हा निर्णय एकट्या शिक्षकावर न सोडता समितीने ठराव करून घ्यावा.

शाळेची जागा शाळेच्या नावावर नाही. त्यामुळे काम अडते का?

हो, बऱ्याचदा. पूर्वी एखाद्या सद्गृहस्थाने तोंडी शब्दावर जमीन दिली, शाळा उभी राहिली आणि सातबारावर नाव मात्र मूळ मालकाचेच राहिले, अशी स्थिती अनेक गावांत आहे. वारसांची संख्या वाढत जाते तसा हा गुंता वाढतो. सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आजच काढून पाहावा, वारस तयार असतील तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्यावे आणि जमीन गावठाणाची किंवा शासकीय असेल तर तहसील कार्यालयाकडे मागणी करावी.

शिक्षकच कमी आहेत. त्यासाठी काही करता येते का?

शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत पटासाठी दोन शिक्षक, ६१ ते ९० साठी तीन, ९१ ते १२० साठी चार असे प्रमाण आहे. सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक, तसेच विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी प्रत्येकी एक शिक्षक अपेक्षित आहे. मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहू नयेत, असे कलम २६ सांगते. नवी भरती पवित्र पोर्टलमार्फत राज्य पातळीवर होते, त्यामुळे ती गावाच्या हाती नाही. पण संचमान्यतेची प्रत मागणे, तीत पट बरोबर धरला आहे का हे पाहणे, आणि बदली होऊन गेलेल्या शिक्षकाच्या जागी तोवर तात्पुरती नेमणूक मागणे हे आपल्या हाती आहे. कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामाला शिक्षकांना जुंपता येत नाही. असे काम लावले जात असेल तर त्याची तारखेसह नोंद समितीने ठेवावी. शिक्षक शासकीय सेवेत असल्याने या बाबतीत ते उघड बोलू शकत नाहीत, तेव्हा बोलणे पालकांचे काम आहे.

पट कमी झाला तर शाळा बंद होईल का?

भीती निराधार नाही. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव राज्य शासनाने २०२३ मध्ये मागवले होते, आणि त्या वेळी नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ व पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील प्रयोगांचा दाखला दिला गेला. मोठ्या शाळेत सोयी अधिक असतात हे मान्य केले, तरी वाडी-पाड्यावरच्या सहा वर्षांच्या मुलीसाठी अंतर हीच सर्वांत मोठी अडचण असते, आणि शाळा लांब गेली की पहिल्यांदा मुलींचेच शिक्षण सुटते. नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असायला हवी. शाळा हलवण्याचा विषय निघाल्यास अंतर नकाशावरचे न धरता मुले चालतात त्या वाटेने मोजावे. वाटेत ओढा आहे का, पावसाळ्यात तो किती दिवस अडतो, महामार्ग ओलांडावा लागतो का, एसटीची वेळ शाळेशी जुळते का, हे लिहून ग्रामसभेचा ठराव करावा आणि तो शिक्षणाधिकारी (प्राथमिक) व मुख्य कार्यकारी अधिकारी यांना पाठवावा.

शाळेची वीज बिलाअभावी तोडली आहे. आता काय?

बिल नीट वाचावे. महावितरणच्या दररचनेत शासकीय शैक्षणिक संस्थांसाठी 'सार्वजनिक सेवा' असा स्वतंत्र वर्ग आहे. बिलावर वाणिज्यिक वर्ग लागलेला दिसल्यास वर्ग बदलून मिळण्यासाठी उपविभागीय कार्यालयात अर्ज करावा. थकबाकी संयुक्त शाळा अनुदानातून किंवा ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून भरण्याचा ठराव करावा.

लोकवर्गणी काढून शाळा सुधारली तर हरकत काय?

महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळा लोकसहभागातून देखण्या झाल्या आहेत आणि त्यांतल्या काहींचे नाव जगभर झाले आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत काम करणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत काय होऊ शकते हे सर्वांनी पाहिले. तरीही छप्पर, पाणी, स्वच्छतागृह आणि शिक्षक यांसाठी वर्गणी काढणे मला मान्य नाही. या गोष्टी कायद्याने शासनावर बंधनकारक आहेत. त्या गावाने एकदा स्वतः केल्या की शासनाच्या खर्चातून त्या कायमच्या वगळल्या जाण्याचा धोका असतो, आणि शेजारच्या गरीब वाडीला, जिथे वर्गणी देणारे कोणी नाही, तिथे 'त्यांनी केले, तुम्ही का नाही' असे सुनावले जाते. वर्गणी पुस्तकांसाठी, सहलीसाठी, वाद्यांसाठी, झाडांसाठी काढावी. ती पूर्णपणे ऐच्छिक असावी, पावती द्यावी आणि कोणत्याही मुलाला त्याच्या घरून पैसे आले की नाही हे वर्गात विचारले जाऊ नये.

शाळेबरोबर रस्ता, दिवे, पाणी यांचाही आग्रह का धरावा?

कारण मुलांची हजेरी शाळेच्या फाटकाबाहेर ठरते. पाण्यासाठी आईबरोबर सकाळी रांगेत उभी राहणारी मुलगी पहिल्या तासाला पोहोचत नाही, आणि पावसाळ्यात चिखलाने बंद होणाऱ्या वाटेवरून पाच वर्षांचे मूल येत नाही. रस्त्याचा, पथदिव्याचा किंवा नळयोजनेचा ठराव मांडताना त्याचा शाळेवर होणारा परिणाम हजेरीपटातील नोंदींसह दाखवला, तर त्या कामाला प्राधान्य मिळवणे सोपे जाते, आणि शाळेसाठी एकत्र आलेली माणसे गावाच्या बाकी कामांसाठीही टिकून राहतात.

शहरातील महापालिका शाळांसाठीही हेच लागू आहे का?

कायदा व समितीचे नियम तेच आहेत. स्थानिक प्राधिकरण महापालिका किंवा नगरपरिषद असते. बृहन्मुंबई महानगरपालिका शिक्षणाचा अर्थसंकल्प स्वतंत्रपणे मांडते. पुणे महापालिकेत अर्थसंकल्पासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत आहे. ग्रामसभा नसल्याने प्रभाग समितीची बैठक आणि अर्थसंकल्पापूर्वीचे महिने महत्त्वाचे ठरतात.

निवडून आलेले सदस्य नाहीत, प्रशासक आहेत. मग कोणाकडे जावे?

मार्च २०२२ नंतर अनेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले, तेव्हापासून हा प्रश्न वारंवार विचारला गेला. अशा वेळी सभागृहाचे अधिकार प्रशासकाकडे असतात, त्यामुळे आराखडा व ठराव थेट त्यांच्या नावे द्यावेत.

अर्ज करूनही दाद लागत नाही. पुढची पायरी कोणती?

तोंडी आश्वासनावर थांबू नये. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि निर्णय मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. दुसरा मार्ग लोकशाही दिनाचा आहे. तालुका पातळीवर तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्हा पातळीवर पहिल्या सोमवारी असतो. तिसरा मार्ग माहितीच्या अधिकाराचा आहे. अर्जाचे शुल्क १० रुपये असून दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे, आणि माहिती ३० दिवसांत द्यावी लागते. 'आमच्या अर्जाचे काय झाले' असे न विचारता, 'अमुक आवक क्रमांकाच्या प्रस्तावावर आजवर कोणत्या दिनांकास कोणत्या अधिकाऱ्याने काय अभिप्राय दिला, त्या टिप्पणीची प्रत द्यावी' असे विचारावे. फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस थांबली, ते त्या टिप्पणीतूनच कळते. अर्ज समितीच्या किंवा अनेक पालकांच्या सहीने द्यावा, म्हणजे एकट्या माणसावर दबाव येत नाही.

मंजूर झालेले काम निकृष्ट होत असेल तर काय करावे?

काम सुरू होताना अंदाजपत्रक व कार्यारंभ आदेशाची प्रत मागून घ्यावी आणि समितीतील दोघांनी रोज जागेवर जावे. पाया किती खोल घ्यायचा, सळई किती जाडीची, सिमेंट-वाळूचे प्रमाण काय, हे सर्व अंदाजपत्रकात लिहिलेले असते. गावातले अनुभवी गवंडी ते क्षणात ताडून सांगतात, आणि त्यांना सोबत घेण्यासारखी दुसरी मदत नाही. माहितीच्या अधिकार अधिनियमात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिलेला आहे. त्रुटी दिसल्यास छायाचित्रासह उपअभियंत्यांना त्याच दिवशी लेखी कळवावे आणि प्रत गटविकास अधिकाऱ्यांना द्यावी, कारण मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊन देयक निघाल्यानंतर दुरुस्ती करून घेणे फार कठीण जाते. काम पूर्ण झाल्यावर ताबा घेण्यापूर्वी छतावर पाणी साठवून गळती तपासावी, स्वच्छतागृहात पाणी सोडून निचरा पाहावा, आणि दोषदायित्व कालावधी (ज्या काळात दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी ठेकेदाराची असते) कोणत्या तारखेपर्यंत आहे ते लेखी घेऊन समितीच्या इतिवृत्तात नोंदवावे. त्या तारखेपूर्वीचा एक पावसाळा संपताच इमारतीची पुन्हा पाहणी करून दिसलेले दोष ठेकेदाराकडून विनामूल्य दुरुस्त करून घेण्याची मागणी बांधकाम उपविभागाकडे नोंदवावी.